मतांची एकाधिकार खरेदी



एकाधिकार कापूस खरेदी योजना काय होती, हे विदर्भ-मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे महाराष्ट्रातल्या कापसाला कायद्याने एकच गिऱ्हाईक होते. कापूस आमचा, पण ग्रेड त्याची, काटा त्याचा आणि चुकारा त्याच्या सवडीने. शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी सरहद्द ओलांडून कापूस नेणे हा गुन्हा. ज्या मालाला एकच गिऱ्हाईक असते त्याचा भाव मालवाला ठरवत नाही, हा धडा आम्ही कापसात शिकलो आणि तो शिकण्यासाठी फार मोठी किंमत मोजली.

हाच धडा यावेळी मतांना लावून पाहायचा आहे. ज्या मतदारसंघात एकच पक्ष निवडून येणार हे पेरणीआधीच ठरलेले असते, तिथल्या शेतकऱ्याच्या मताला कोण भाव देणार? आणि असा मतदारसंघ आपोआप तयार होतो की कोणी मुद्दाम आखून तयार करतो? याचे उत्तर पाहायला आम्ही वाचकांना अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात नेणार आहोत.

कुठे टेक्सास आणि कुठे आपले कळंब-राळेगाव, असे कोणी म्हणेल. त्याने पुढचा हिशेब आधी वाचावा.

टेक्सासशी आपला संबंध

अमेरिकेत पिकणाऱ्या कापसापैकी साधारण चाळीस टक्के कापूस एकटे टेक्सास पिकवते. राज्याच्या पश्चिमेला लबक नावाचे शहर आहे. त्याच्या चहूबाजूंचे पठार म्हणजे त्या देशातला कापसाचा सर्वात मोठा पट्टा. पाऊस वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटरच्या घरात. जमिनीखालच्या ओगलाला जलसाठ्यावर काही शेती भिजते, पण तो साठा वर्षानुवर्षे खाली चालला आहे आणि मोठे क्षेत्र कोरडवाहूच आहे. कपाशीच्या जोडीला ज्वारी. ज्वारीच्या उत्पादनात टेक्सासचा क्रमांक कॅन्ससच्या खालोखाल लागतो, फक्त तिथली ज्वारी भाकरीला जात नाही. जनावरांच्या खाद्याला, इथेनॉलला आणि निर्यातीला जाते. २०२२ च्या दुष्काळात टेक्सासमध्ये पेरलेल्या कपाशीपैकी निम्म्याहून जास्त क्षेत्र न वेचताच सोडून द्यावे लागले. शेत हजार-दोन हजार एकरांचे आणि वेचणी यंत्राची, एवढा फरक सोडला तर आभाळाकडे डोळे लावून बसणारा तो आमचाच भाऊबंद आहे.

पण त्याच्या आणि आमच्या मध्ये एक सरकारी तिजोरी उभी आहे. २००१-०२ च्या हंगामात जगाच्या बाजारात रुईचा भाव सरासरी पौंडाला ४२ सेंटच्या आसपास आला. अनेक वर्षांतला तो नीचांक. मे २००२ मध्ये धाकटे बुश यांच्या सहीने अमेरिकेचा नवा शेती कायदा झाला. त्या कायद्यात कापसाची लक्ष्य किंमत पौंडाला ७२.४० सेंट धरली होती. बाजार खाली गेला की फरकाचा मोठा भाग तिजोरीतून भरून द्यायचा. त्या काळात अमेरिका जगातला सर्वात मोठा कापूस निर्यातदार होता. भाव पडला तरी त्याचा पेरा कमी होत नव्हता, माल जगाच्या बाजारात येतच होता, आणि पडलेल्या भावाचा मार आमच्या बैलगाडीवर बसत होता.

हे आम्ही रागाच्या भरात म्हणत नाही. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार गुदरली. २००४ च्या निवाड्यात आणि २००५ च्या अपिलात अमेरिकेच्या या मदतीने जागतिक बाजारातले कापसाचे भाव दाबले गेले, असे ठरले. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनी २००३ मध्ये हेच गाऱ्हाणे मांडले. पुढे काय झाले? अमेरिकेने २०१४ मध्ये ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन खटला मिटवला. आफ्रिकेच्या आणि आमच्या शेतकऱ्याला कोणी दमडी दिली नाही.

म्हणून टेक्सासमध्ये कोण निवडून येतो, कसा येतो, हा आमच्या घरचा प्रश्न आहे. तो कायदा जिथे लिहिला गेला तिथे बसलेली माणसे कापसाच्या मतदारसंघातून गेलेली होती.

पाच वॉर्डांचे गणित

आधी तिकडची रीत समजून घेऊ. तिकडे काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, संसद. तिचे खालचे सभागृह म्हणजे प्रतिनिधिगृह. त्यात ४३५ जागा, आणि सगळ्यांची निवडणूक दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात. दर दहा वर्षांनी शिरगणती होते आणि लोकसंख्येप्रमाणे राज्यांना जागा वाटून मिळतात. टेक्सासची वस्ती झपाट्याने वाढली म्हणून २०२० च्या शिरगणतीनंतर त्याच्या जागा ३६ वरून ३८ झाल्या. राज्याची लोकसंख्या २ कोटी ९१ लाखांवर. म्हणजे एका मतदारसंघात सुमारे ७ लाख ६७ हजार माणसे. आपल्यासारखेच, ज्याला जास्त मते तो निवडून आला.

इथवर सगळे सरळ आहे. वाकडे पुढे आहे. मतदारसंघाच्या हद्दी आखतो कोण? टेक्सासमध्ये राज्याचे विधिमंडळ. म्हणजे ज्या पक्षाचे बहुमत, त्याच्याच हातात मोजणीची साखळी. शेजाऱ्याचा बांध कोरणाराच मोजणीदार झाला तर काय होईल, हे गावात कोणालाही विचारा.

समजा एक गाव आहे पंचवीस घरांचे. पंधरा घरे कापूसवाल्यांची, दहा घरे व्यापाऱ्यांची. पाच घरांचा एक, असे पाच वॉर्ड पाडायचे. कापूसवाले उघड बहुमतात आहेत. पण नकाशा व्यापाऱ्यांच्या हातात आहे. त्यांनी दोन वॉर्ड असे पाडले की त्यांत पाचही घरे कापूसवाल्यांची. दहा घरे तिथे संपली. उरलेली पाच घरे तीन वॉर्डांत दोन, दोन आणि एक अशी वाटून टाकली. त्या वॉर्डांत व्यापाऱ्यांची घरे तीन, तीन आणि चार. निकाल काय? पंधरा घरांना दोन पंच आणि दहा घरांना तीन. कोणी पेटी पळवली नाही, खोटे मतदान केले नाही, कोणाला दारू पाजली नाही. सगळे कायदेशीर.

यात दोनच हत्यारे वापरली गेली. एक, कोंबणे: विरोधकांची मते एकाच जागी इतकी भरायची की वरची सगळी वाया जावीत. दुसरे, फोडणे: उरलेली मते अशी तुकड्यांत वाटायची की कुठेच पुरी पडू नयेत. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या नकाशात एक मतदारसंघ सॅलॅमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्याच्या आकाराचा दिसला. वर्तमानपत्राने गेरी आणि सॅलॅमँडर ही नावे जोडून त्याला 'गेरीमँडर' म्हटले. दोनशे वर्षांपूर्वी हे काम कागद-पेन्सिलीने होत असे. आज संगणकावर होते. कोणत्या गल्लीत कोणाला किती मते पडली याचा हिशेब समोर ठेवून.

दोन गिऱ्हाइके होती तेव्हा

आता २००२ चा तो कायदा कोणी घडवला ते पाहा. प्रतिनिधिगृहाच्या शेती समितीचे अध्यक्ष होते लॅरी कॉम्बेस्ट, रिपब्लिकन, मतदारसंघ लबकचा. त्याच समितीत विरोधी बाजूचे प्रमुख होते चार्ली स्टेनहोम, डेमोक्रॅट, लबकच्या पूर्वेला स्टॅमफर्डचे, स्वतः कापूस पिकवणाऱ्या घरातले, १९७८ पासून सतत निवडून येणारे. दोन पक्ष, दोन शेजारचे मतदारसंघ, दोघेही कापसाचे. एकाने शेतकऱ्याला कमी दिले तर दुसरा जास्त देईन म्हणायला तयार. मतांच्या बाजारात दोन गिऱ्हाइके उभी होती. त्या भागातल्या कापूसवाल्यांची संख्या देशाच्या मानाने चिमूटभर; पण त्या चिमटीसाठी बोली लागत होती, म्हणून ७२.४० सेंट निघाले. त्यांचा तो विजय आमच्या मुळावर आला, ही गोष्ट वेगळी. पण ताकद कशी उभी राहते याचा तो नमुना होता.

ही ताकद मोडली ती मतदारांनी नव्हे, नकाशाने.

शिरगणती झाली होती २००० मध्ये. २००१ मध्ये विधिमंडळाचे एकमत झाले नाही म्हणून न्यायालयाने हद्दी आखून दिल्या. त्यावर २००२ ची निवडणूक झाली. टेक्सासच्या ३२ जागांपैकी १७ डेमोक्रॅटांना आणि १५ रिपब्लिकनांना मिळाल्या. याच सुमारास राज्याचे विधिमंडळ रिपब्लिकनांच्या पूर्ण ताब्यात आले. वॉशिंग्टनमधले त्यांचे पुढारी टॉम डिले यांनी पुढाकार घेतला: दहा वर्षे कशाला थांबायचे, २००३ मध्येच पुन्हा आखा. गणसंख्या पुरी होऊ नये म्हणून डेमोक्रॅट आमदार मे महिन्यात शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात जाऊन बसले. नंतर त्यांचे सिनेटर न्यू मेक्सिकोत महिनाभराहून जास्त राहिले. आपल्याकडे आमदार पळवून नेतात, तिकडे आमदार आपल्या पायांनी पळाले. शेवटी परतावे लागलेच आणि नकाशा मंजूर झाला.

त्या नकाशात स्टेनहोम यांचा मतदारसंघ फोडला गेला. त्यांचे गाव उचलून लबकच्या १९ व्या मतदारसंघात टाकले, जिथे कॉम्बेस्ट यांच्या जागी आलेले रिपब्लिकन रँडी न्यूगेबाउर बसलेले होते. २००४ मध्ये स्टेनहोम पडले. सव्वीस वर्षे शेती समितीत घालवलेला माणूस, ज्यांनी त्याला वर्षानुवर्षे निवडून दिले त्यांच्यातल्या बहुतेकांना त्याच्यावर मत देण्याची संधीसुद्धा न मिळता घरी गेला. राज्यात रिपब्लिकनांच्या जागा १५ वरून २१ झाल्या.

एका पक्षाचे लोक साधू आणि दुसऱ्याचे चोर, असे आमचे म्हणणे नाही. त्याआधीचा, १९९१ चा नकाशा डेमोक्रॅटांनी आखला होता आणि तोही इतका बेरकी की पुढे राज्यात रिपब्लिकनांना जास्त मते पडूनही जागा कमी मिळत राहिल्या. साखळी ज्याच्या हातात, त्याने बांध कोरला.

शेतकऱ्यानेही कोरला आहे. १९२० च्या शिरगणतीत अमेरिकेची शहरे खेड्यांच्या पुढे गेली. तेव्हा ग्रामीण भागातल्या प्रतिनिधींनी जागांचे नवे वाटप होऊच दिले नाही. त्या दशकात ते झालेच नाही. १९६४ पर्यंत जॉर्जिया राज्यात अटलांटा शहराच्या मतदारसंघात आठ लाखांवर माणसे होती आणि राज्याची सरासरी चार लाखांच्या आत. म्हणजे शहरातल्या माणसाचे मत खेड्यातल्या मताच्या निम्मेसुद्धा नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी सांगितले, मतदारसंघ समान लोकसंख्येचे करा. चुकीच्या मापाने मिळालेला हिस्सा टिकत नाही. माप सरळ झाले की तो व्याजासकट परत करावा लागतो.

'पण अनुदान तर मिळतेच आहे'

यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो चुकवून पुढे जाण्यात अर्थ नाही. लोक विचारतील: स्टेनहोम गेले म्हणून टेक्सासच्या कापूसवाल्याचे काय बिघडले? पैसा तर येतोच आहे. सुरक्षित मतदारसंघाचा खासदार वर्षानुवर्षे टिकतो, ज्येष्ठ होतो, समितीचा अध्यक्ष होतो. पलीकडच्या मिडलँडचे माइक कॉनवे २०१५ ते २०१९ शेती समितीचे अध्यक्ष नव्हते काय? लबकचे जोडी ॲरिंग्टन २०२३ मध्ये अर्थसंकल्प समितीचे अध्यक्ष झाले नाहीत काय? ब्राझीलच्या खटल्यामुळे २०१४ मध्ये कापूस भाव-मदतीतून वगळला गेला, तो २०१८ मध्ये 'सरकीसकट कापूस' या नावाने परत आला. जुलै २०२५ च्या कायद्याने त्याची आधार किंमत पौंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंट केली. डॉलरला ८६ रुपये धरले तर क्विंटलला आठ हजारांच्या जवळ. आपल्याकडे २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. आकडे जवळजवळ सारखे. पण तिकडे फरक खात्यावर जमा होतो आणि इकडे खरेदी केंद्र उघडण्याची वाट पाहावी लागते.

हे सगळे खरे आहे. तरीही आमचे म्हणणे कायम आहे, आणि त्याची कारणे तीन.

पहिले कारण. हा पैसा क्षेत्राच्या नोंदीवर मिळतो. ज्याच्या नावावर जास्त एकर त्याला जास्त. त्यातून मोठा शेतकरी मोठा होतो, जमिनीचा खंड वाढतो आणि लहान शेतकऱ्याच्या हाती फार काही उरत नाही. एकाधिकारातही ज्याची केंद्रावर ओळख त्याची गाडी आधी खाली होत होती.

दुसरे कारण. सुरक्षित मतदारसंघात खरी निवडणूक नोव्हेंबरात होतच नाही. ती मार्चमध्ये होते, जेव्हा पक्षाचा उमेदवार ठरतो. २०२२ मध्ये टेक्सासच्या त्या प्राथमिक फेरीत दोन्ही पक्षांचे मिळून नोंदलेल्या मतदारांपैकी शेकडा अठराच्या आसपास लोकांनीच मत दिले. त्या वर्षी नोव्हेंबरात लबकच्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारच दिला नाही. निवडून आलेल्याला शेकडा ८० च्या घरात मते. अशा खासदाराला भीती असते ती स्वतःच्या पक्षातल्या कडव्यांची आणि वर बसलेल्या नेत्याची. शेतकऱ्याची नसते. २०१८ मध्ये याची प्रचीती आली. अमेरिकेने चीनशी आयात कराचे भांडण काढले. एप्रिलमध्ये चीनने अमेरिकन ज्वारीवर १७८.६ टक्के अनामत लावली आणि वाटेत असलेल्या बोटींनी तोंडे फिरवली. महिन्याभरात ती उठली, पण व्यापारयुद्ध वाढतच गेले. ज्वारीचे सर्वात मोठे गिऱ्हाईक हातचे गेले. ज्यांनी दहांपैकी सात मते त्या सरकारला दिली होती त्या भागावर हा घाला. मग भरपाई वाटली: ज्वारीला बुशेलमागे ८६ सेंट, कापसाला पौंडामागे ६ सेंट. बाजार तोडायचा आणि भरपाईचा चेक धाडायचा. त्या शेतकऱ्याने पुढच्या निवडणुकीत जाब विचारायचा तर कोणाला मत द्यायचे? समोर दुसरे गिऱ्हाईकच नाही.

तिसरे कारण सर्वात मोठे आहे. अमेरिकेत शेतकरी लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आत आहे. इतक्या थोड्या मतांवर शेती कायदा मंजूर होत नाही. म्हणून १९७० च्या दशकापासून तिकडे एक देवघेव चालत आली. शेतकऱ्याची मदत आणि शहरातल्या गरिबांचे अन्न-साहाय्य एकाच कायद्यात बांधायचे. खेड्याच्या खासदाराने शहराच्या अन्नाला हात वर करायचा, शहराच्या खासदाराने खेड्याच्या कापसाला. २०२५ च्या कायद्याने ही गाठ सोडली. एका पक्षाने आपल्या एकट्याच्या बळावर शेतीची मदत वाढवली आणि अन्न-साहाय्य कापले. मे महिन्यात प्रतिनिधिगृहात तो मंजूर झाला २१५ विरुद्ध २१४ मतांनी, जुलैत शेवटचा झाला २१८ विरुद्ध २१४ मतांनी. कापूसवाल्याला वाटले असेल, जिंकलो. पण शहराच्या खासदाराचे आता त्याच्याकडे काही देणे राहिले नाही. वारे फिरेल त्या दिवशी दोन टक्क्यांच्या बाजूने हात वर करायला दुसऱ्या बाकावर कोण असेल?

२०२५: पुन्हा साखळी

२१५ विरुद्ध २१४. हा आकडा लक्षात ठेवा, म्हणजे त्याच उन्हाळ्यात टेक्सासमध्ये जे झाले ते का झाले हे कळेल. एका मताने कायदा तरत असेल तर पाच जागा म्हणजे राज्य. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी उघड सांगितले की टेक्सासमधून आणखी पाच जागा हव्यात. २०२४ मध्ये ३८ पैकी २५ जागा रिपब्लिकनांना आणि १३ डेमोक्रॅटांना मिळाल्या होत्या. शिरगणतीला पाच वर्षे अवकाश असताना नवा नकाशा आला, रिपब्लिकनांना ३० जागा मिळाव्यात अशा बेताचा. डेमोक्रॅट आमदार पुन्हा पळाले, यावेळी इलिनॉयला. पुन्हा परतले. २९ ऑगस्ट २०२५ ला गव्हर्नर ॲबट यांनी सही केली. नोव्हेंबरात तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने नकाशा रोखला. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो रोख उठवून २०२६ च्या निवडणुकीसाठी वाट मोकळी केली.

त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटांनी ४ नोव्हेंबर २०२५ ला सार्वमत घेऊन तिथल्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला सारला आणि आपल्या पाच जागा वाढाव्यात असा नकाशा आणला. मिझुरी, नॉर्थ कॅरोलायना इथेही साखळ्या निघाल्या. न्यायालयात दाद मागावी तर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दशकाच्या मध्येच पुन्हा आखण्याला मनाई केली नाही. २०१९ मध्ये तर सांगून टाकले की पक्षीय फायद्यासाठी हद्दी आखल्या हा प्रश्न संघराज्याच्या न्यायालयांनी सोडवण्याचा नाही. कुंपणच शेत खाऊ लागले आणि राखणदार म्हणाला, हे माझे काम नव्हे.

आता आपल्या बांधाकडे

आमच्या वाचकांनी यावर समाधानाचा सुस्कारा सोडू नये. आपल्याकडे रीत बरी आहे, हे खरे. मतदारसंघाच्या हद्दी आमदार आखत नाहीत, परिसीमन आयोग आखतो; खासदार-आमदार त्यात सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. एवढ्या एका गोष्टीत आमची घटना टेक्सासपेक्षा शहाणी निघाली.

पण आयोग माणसे मोजतो, एकर मोजत नाही. २००१ च्या शिरगणतीवर आखलेल्या आणि २००८ मध्ये लागू झालेल्या हद्दींनी काय केले? राज्याच्या विधानसभेच्या जागा २८८ च राहिल्या; विदर्भाच्या मात्र ६६ वरून ६२ झाल्या. लोकसभेच्या ११ वरून १०. यवतमाळ आणि वाशीम हे कापसाचे दोन मतदारसंघ होते, त्यांचा एक झाला. जागा गेल्या ठाणे-पुण्याकडे. एकट्या ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. यात कोणी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. आमची पोरे भाव नाही म्हणून ठाण्या-पुण्याला गेली आणि त्यांची मोजणी तिकडे झाली. शेती तोट्यात ठेवली की आधी माणूस जातो, मग त्याच्या मागे आमदार जातो.

२००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीपर्यंत गोठवली होती. सरकारने २०२७ च्या शिरगणतीची घोषणा केलेली आहे. म्हणजे साखळी आपल्याही शेताकडे निघाली आहे. तेव्हा काही पुढारी येऊन सांगतील: आपल्या कापूसवाल्यांचा एक हक्काचा मतदारसंघ मागू या. भावांनो, पाच वॉर्डांचे गणित तेव्हा आठवा. सगळ्यांना एका खाचरात कोंबणे हाच फसवणुकीचा पहिला प्रकार आहे. हक्काचा मतदारसंघ म्हणजे हक्काचे गिऱ्हाईक. आणि हक्काच्या गिऱ्हाइकाने आमचे तीस वर्षे काय केले ते आपल्याला ठाऊक आहे. तालुका मध्येच तोडून तुकडे तीन मतदारसंघांना जोडणे हा दुसरा प्रकार. आम्हाला दोन्ही नकोत. आमचे मत जिथे पारडे झुकवू शकेल आणि किमान दोन पक्षांना त्यासाठी बोली लावावी लागेल, अशा हद्दी हव्यात.

हे नुसते बोलून होणार नाही. परिसीमनाच्या आजवरच्या रीतीत प्रस्ताव छापून प्रसिद्ध होतो, हरकतींना मुदत असते आणि आयोग जाहीर बैठक घेतो. एकदा अंतिम आदेश निघाला की न्यायालयात दाद मागायला फारच थोडी जागा उरते. म्हणून काम आताच वाटून घ्यावे. प्रत्येक जिल्ह्याच्या बैठकीत दोन-तीन जणांवर हे सोपवा. तहसिलीतून गावांच्या याद्या आणि मागच्या तीन निवडणुकांचे केंद्रवार आकडे मिळवा. कोरडवाहू मंडळे कोणत्या मतदारसंघात आहेत आणि तिथे किती मतांनी निकाल लागतो ते भिंतीवर लावा. शिरगणतीवाला दारात येईल तेव्हा घरातल्या प्रत्येकाची नोंद नियमाप्रमाणे बरोबर होते की नाही ते उभे राहून पाहा. आणि जो पक्ष म्हणतो 'हा आमचा बालेकिल्ला', त्याला पुढच्या निवडणुकीआधी भाव विचारा.

दिल्लीनेही आपला हिशेब दाखवला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर बसवला. त्याच महिन्यात आपल्या सरकारने परदेशी कापसावरचा ११ टक्के आयात कर माफ केला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत, म्हणजे नेमका आमचा कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत. लबकच्या कापूसवाल्यासाठी वॉशिंग्टनमध्ये समितीचा अध्यक्ष बसला होता. यवतमाळच्या कापूसवाल्यासाठी दिल्लीत कोण उभा राहिला, त्याचे नाव प्रत्येक बैठकीत विचारले गेले पाहिजे. आणि नाव सांगता आले नाही, तर आपले मत गेल्या खेपेला कोणत्या केंद्रावर, कोणत्या ग्रेडने आणि कोणाच्या काट्यावर मोजले गेले, हेही तिथेच विचारले पाहिजे.